लहान पोट, पातळ पेज

सात महिन्यांच्या बाळाचे पोट केवढे असते? आठवी-नववीच्या वर्गात हा प्रश्न विचारून पाहा. मुठीएवढे, पेल्याएवढे, तांब्याएवढे अशी उत्तरे येतील. जठरात एका वेळी दर किलो वजनामागे साधारण ३० मि.ली. अन्न मावते असे धरतात. म्हणजे साडेसात किलोच्या बाळासाठी हे माप सव्वादोनशे मि.ली.च्या आसपास येते. वरणाची एक मोठी वाटी. एवढ्याच जागेत आईचे दूधही मावायचे आणि नव्याने सुरू केलेले अन्नही. लातूर-नांदेडकडच्या घरांत लेकराच्या वरच्या अन्नावरून आजी आणि अंगणवाडीताई यांचे जे मतभेद होतात, त्यांच्या मुळाशी या वाटीचे गणित आहे.

आधी वाटी कधी सुरू करायची ते पाहू. उष्टावण मुलाचे सम महिन्यात (सहाव्या किंवा आठव्या) आणि मुलीचे विषम महिन्यात (पाचव्या किंवा सातव्या) करण्याची आपल्याकडे चाल आहे. जुन्या आरोग्यपुस्तकांत 'चार ते सहा महिने' असे लिहिलेले सापडेल. २००१ साली जागतिक आरोग्य परिषदेने या विषयावरचे संशोधन तपासून सहा महिने पूर्ण होईपर्यंत निव्वळ आईचे दूध, पाणीसुद्धा नाही, असा निर्णय दिला आणि आज आपल्या सरकारी कार्यक्रमांतही तोच पाळला जातो. उष्टावणाचा विधी घरच्यांनी सोयीने कधीही करावा. वाटी मात्र १८० दिवस भरले की सुरू व्हावी. आठव्या महिन्यातील मुहूर्तासाठी मुलाला दोन महिने उपाशी ठेवण्यात काही अर्थ नाही.

'उपाशी' हा शब्द मुद्दाम वापरला आहे. बाळ दूध पीत असते, रडत नसते, तरी सहा महिन्यांनंतर त्याच्या शरीरात दोन गोष्टींची उणीव पडू लागते. पहिली ऊर्जेची. वाढत्या बाळाची गरज दुधाच्या पुढे जाते. सहा ते आठ महिने वयात दररोज सुमारे २०० उष्मांक (किलोकॅलरी) वरच्या अन्नातून मिळावे लागतात, नऊ ते अकरा महिन्यांत ३००, आणि वर्षानंतर ५५० च्या आसपास. दुसरी उणीव लोहाची. गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यांत बाळ आईकडून लोहाचा साठा घेऊन येते. तो सुमारे सहा महिने पुरतो. आई स्वतः पांडुरोगी असेल किंवा बाळ कमी दिवसांचे असेल तर त्याआधीच संपतो. आईच्या दुधातले लोह अंगी चांगले लागते, पण असते अगदी थोडे.

याच सुमारास बाळाचे तोंडही तयार झालेले असते. लहान बाळाच्या जिभेवर काही ठेवले की जीभ ते आपोआप बाहेर ढकलते. ही प्रतिक्षिप्त क्रिया चौथ्या ते सहाव्या महिन्यात हळूहळू ओसरते. मान सावरता येते, आधाराने बसता येते. तरीही पहिले आठ-दहा दिवस निम्मे अन्न हनुवटीवर येतेच. 'थुंकतंय, म्हणजे त्याला आवडत नाही' असे म्हणून घरचे थांबतात, ते चुकते. नवी चव ओळखीची व्हायला ती आठ-दहा वेळा तरी जिभेवर यावी लागते.

वाटीतले पाणी

आता मूळ प्रश्न. वाटीत काय असते? वरणाचे वरचे पाणी, भाताची निवळ, ज्वारीच्या पिठाची पातळ पेज, किंवा चहात बुडवलेले बिस्कीट. यामागचे आजीचे म्हणणे असे, की लेकराला जड काही पचणार नाही आणि घट्ट दिले तर घशात अडकेल. यातली दुसरी भीती अगदी रास्त आहे. सात महिन्यांच्या बाळाला पिठल्यासारखा गोळा गिळता येत नाही. पण वरणाच्या पाण्यात डाळ नसते, ती तळाशी राहते. पेजेचा हिशेब तर कोणाही विद्यार्थ्याला फळ्यावर करता येईल.

एक ग्रॅम ज्वारीच्या पिठातून सुमारे ३.४ उष्मांक मिळतात. तयार १०० मि.ली. पेजेत चमचाभर, म्हणजे पाच ग्रॅम पीठ असेल तर उष्मांक झाले १७. दिवसाला २०० हवे असतील तर अशी पेज सुमारे १२०० मि.ली. पाजावी लागेल. जठर सव्वादोनशे मि.ली.चे! पाचपेक्षा जास्त वेळा पोट तुडुंब भरायचे आणि तेही दूध न देता. आईच्या दुधात १०० मि.ली.ला ६५ ते ७० उष्मांक असतात. म्हणजे पातळ पेज दुधापेक्षा चौपट हलकी. ती पाजली की पोट भरते, बाळ दूध कमी ओढते आणि एकूण ऊर्जा वाढण्याऐवजी घटते. सहाव्या महिन्यापर्यंत गुटगुटीत असलेल्या बाळाची वजनाची रेघ अंगणवाडीच्या तक्त्यावर सातव्या-आठव्या महिन्यात आडवी होते. त्याची कारणे अनेक असतात, पण त्यांतले एक पुष्कळदा या वाटीत सापडते.

उलट १०० मि.ली.त २० ग्रॅम पीठ घातले तर उष्मांक होतात ६८. अर्धी-अर्धी वाटी तीनदा, म्हणजे सुमारे ३०० मि.ली. दिली की दोनशेचा आकडा गाठता येतो. गणित सुटले, पण ती पेज राहिली नाही, उकड झाली. चमचा उभा राहील इतकी घट्ट. म्हणजे आजीही बरोबर आणि अंगणवाडीताईही बरोबर. घट्ट गिळवत नाही, पातळ पुरत नाही.

ही अडचण येते ती पिष्टाच्या, म्हणजे स्टार्चच्या, स्वभावामुळे. पिठातले पिष्टाचे कण गरम पाण्यात फुगतात, फुटतात आणि त्यांतले लांबच लांब रेणू बाहेर पडून एकमेकांत गुंततात. या जाळ्यात पाणी अडकून बसते. थोड्या पिठाने पुष्कळ पाणी घट्ट होते. खळ करताना आपल्याला हेच हवे असते, बाळाची पेज करताना नको असते.

मोडाची करामत

हे जाळे सोडवायचे कसे? धान्याच्या दाण्याला हा प्रश्न दर वेळी उगवताना पडतो. दाण्यात साठवलेले पिष्ट कोंबाला वापरता येण्यासाठी त्याचे तुकडे व्हावे लागतात. म्हणून दाणा भिजून मोड येऊ लागला की त्यात अमायलेज नावाचे विकर (एन्झाइम) तयार होते. ते पिष्टाच्या लांब साखळ्या मधूनमधून तोडते. असे थोडेसे मोडाचे पीठ घट्ट पेजेत घातले तर तेच काम वाटीत होते. साखळ्या तुटतात, जाळे सुटते, अडकलेले पाणी मोकळे होते आणि गोळा ओघळू लागतो. पीठ तेवढेच, उष्मांक तेवढेच. फक्त दाटपणा गेला.

याचा पद्धतशीर अभ्यास आपल्याच देशात झाला आहे. म्हैसूरच्या केंद्रीय अन्नतंत्रज्ञान संशोधन संस्थेत मल्लेशी आणि देशिकाचार यांनी नाचणी व मूग यांना मोड आणून बाळांसाठी आहार तयार केला. १९८० च्या दशकात बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की मोडाच्या पिठाची अगदी थोडी मात्रा पुरते. शंभर ग्रॅम साध्या पिठाला लहान चमचाभर, चार-पाच ग्रॅम. नाचणीचे सत्त्व करणाऱ्या बायकांना मोडाने पेज हलकी होते हे ठाऊक होतेच. पण सगळे धान्य मोडवण्याची गरज नाही, विरजणासारखे थोडे पुरते, ही माहिती रोज मजुरीला जाणाऱ्या आईसाठी फार कामाची आहे. एकदा केलेले पीठ कोरड्या डब्यात महिनाभर तरी वापरता येते.

हे पीठ करणे अवघड नाही. पाव किलो गहू निवडून, धुऊन रात्रभर भिजवावे. सकाळी निथळून ओल्या फडक्यात बांधावे. दीड-दोन दिवसांत, हवेप्रमाणे, दाण्याएवढे मोड येतात. मग दोन दिवस उन्हात कडक वाळवावे, हाताने चोळून मोड व मुळ्या पाखडून काढाव्या आणि दळावे. भाजायचे झालेच तर वास सुटण्याआधी थांबावे, कारण जास्त उष्णतेने विकर निकामी होते.

वर्गातला प्रयोग असा. तीन वाट्यांत सारखीच घट्ट ज्वारीची पेज घ्या. ती बोट क्षणभरच ठेवता येईल इतकी गरम असू द्या, अंदाजे ५५ ते ६० अंश सेल्सिअस. पहिल्या वाटीत काही घालू नका. दुसऱ्या वाटीत पाव चमचा मोडाचे पीठ ढवळा. तिसऱ्या वाटीत तेवढेच मोडाचे पीठ घाला, पण आधी पाण्यात पाच मिनिटे खळखळ उकळून. पाच-दहा मिनिटांत दुसरी वाटी ताकासारखी वाहू लागेल, पहिली आणि तिसरी तशाच बसून राहतील. तिसरी वाटी विसरू नका. पेज पातळ होण्याचे श्रेय विकराला द्यायचे की नुसत्या ढवळण्याला, हे तीच सांगते.

मग प्रत्येकीतला थेंब पाण्यात कालवून त्यावर आयोडीन टाका. मुले म्हणतील, दुसरीत पिष्ट उरले नसणार, म्हणून रंग येणार नाही. बहुधा निळा रंग येईलच! यावर वर्गात चर्चा व्हावी. लांब दोऱ्यांचा गुंता सोडवायला प्रत्येक दोऱ्याचे बारीक तुकडे करावे लागत नाहीत. मध्ये दोन-चार ठिकाणी कापले तरी गुंता सुटतो. पेज पातळ होण्यासाठी थोड्या साखळ्या तुटल्या तरी भागते, पण निळा रंग जाण्यासाठी त्या फार बारीक व्हाव्या लागतात. वाटी तासभर उबदार ठेवली तर रंग जांभळट, मग तांबूस होत जाताना दिसेल.

आणखी एक निरीक्षण मुलींना घरचेच आठवेल. बाळाच्या उष्ट्या वाटीत उरलेली पेज थोड्या वेळाने आपोआप पातळ होते. चमच्याबरोबर लाळ वाटीत गेलेली असते आणि लाळेतही अमायलेज असते. आईच्या दुधातही असते. बाळाचे स्वादुपिंड पहिल्या काही महिन्यांत हे विकर फार कमी बनवते. ती उणीव लाळ आणि आईचे दूध मिळून काही अंशी भरून काढतात. अन्न सुरू झाले तरी दूध चालू ठेवण्याला हेही एक कारण आहे.

घरी वापरताना मात्र प्रयोगाच्या पुढे एक पायरी आहे. पेज पातळ झाली की ती पुन्हा एकदा उकळून घ्यावी. मोड आणताना ओल्या फडक्यात जंतूही वाढतात. आणि पातळ झाली म्हणून त्यात पाणी वाढवू नये, नाहीतर सगळा खटाटोप व्यर्थ.

ज्वारीचे मोड का नकोत

मराठवाड्यात कणगीत ज्वारी असते, मग मोड ज्वारीलाच का आणू नयेत? विकर तर तिच्यातही तयार होते. याचे उत्तर गावातल्या कोणत्याही शेतकऱ्याला अर्धे ठाऊक आहे. कोवळी, पाण्याचा ताण बसलेली ज्वारी खाल्ली की गुरांना 'किराळ' लागते. कोवळ्या ज्वारीत धुरिन नावाचे द्रव्य असते आणि पान चावले गेले की त्यातून हायड्रोजन सायनाइड हे विष सुटते. कोरड्या दाण्यात धुरिन जवळजवळ नसते. दाणा उगवू लागला की कोंबात ते भराभर तयार होते. आफ्रिकेत ज्वारीला मोड आणून पेये करतात, पण तिथेही कोंब-मुळ्या काढून टाकण्यावर भर असतो. आपल्याकडे गहू, नाचणी सहज मिळत असताना बाळाच्या वाटीत ही जोखीम घेण्याचे कारण नाही. पेज ज्वारीची करावी, मोड गव्हाचे किंवा नाचणीचे घ्यावेत.

ज्वारीची दुसरी एक खोड आहे. पाण्यात शिजवली की तिच्यातली प्रथिने एकमेकांना घट्ट जखडून बसतात आणि पाचकरसांना दाद देत नाहीत. पेरू देशात लहान मुलांवर केलेल्या, १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शिजवलेल्या ज्वारीतले निम्म्याहून कमी नत्र मुलांच्या शरीरात शोषले गेले. हे वाचून ज्वारीला नाक मुरडण्याचे कारण नाही. ताकात रात्रभर आंबवून केलेल्या आंबिलीत ही प्रथिने अधिक पचनीय होतात. शिवाय आंबटपणामुळे जंतूंची वाढ मंदावते. आंबवण्याने आणि मोडाने धान्यातल्या फायटेटचा काही भाग मोडतो, त्यामुळे बांधलेले लोह थोडे मोकळे होते. आठ महिन्यांनंतर ताज्या ताकातली, नीट शिजवलेली, बिनमिठाची आंबील बाळाला द्यायला हरकत नाही.

नांदेडच्या शेजारी परभणीच्या कृषी विद्यापीठाने हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेबरोबर विकसित केलेले 'परभणी शक्ती' हे वाण २०१८ साली प्रसारित झाले. त्यात किलोमागे सुमारे ४५ मिलिग्रॅम लोह व ३२ मिलिग्रॅम जस्त असते. नेहमीच्या ज्वारीत हे आकडे ३० आणि २० च्या आसपास असतात. चांगली गोष्ट आहे, पण बाळ दिवसाला खाणार ५०-६० ग्रॅम धान्य. दोन मिलिग्रॅमच्या आसपास लोह मिळेल, त्यातलेही थोडेच शोषले जाईल. एकट्या पेजेवर लोहाची गरज भागत नाही.

वाटीत आणखी काय

म्हणून वाटीत धान्याला सोबत हवी. पहिली सोबत डाळीची. ज्वारीत लायसिन हे अमिनो आम्ल कमी, डाळीत भरपूर. तीन भाग धान्याला एक भाग मूग किंवा तूर घेतली की दोघांची प्रथिने एकमेकांची उणीव भरतात. तुरीच्या डाळीसाठी लातूर देशभर ओळखले जाते. तिथल्या बाळाला डाळीऐवजी तिचे वरचे पाणी मिळावे, हा उलटा न्याय झाला. वरण घोटून घट्ट द्यावे.

दुसरी सोबत तेलाची. छोटा चमचाभर (पाच ग्रॅम) करडईचे किंवा शेंगदाण्याचे तेल म्हणजे ४५ उष्मांक, आणि जागा जवळजवळ काहीच नाही. तूप असेल तर तूप. वाटीचा दाटपणा न वाढवता ऊर्जा वाढवण्याचा याहून सोपा उपाय नाही. शेंगदाण्याचा कूटही चालतो, अगदी बारीक करून पेजेत कालवलेला. आख्खा किंवा फोडलेला दाणा मात्र पाच वर्षांपर्यंत नको; तो श्वासनलिकेत अडकतो. पूर्वी ॲलर्जीच्या धास्तीने शेंगदाणा उशिरा द्या असे सांगत. २०१५ साली लंडनमध्ये पूर्ण झालेल्या मोठ्या चाचणीत ॲलर्जीचा धोका असलेल्या बाळांना पहिल्या वर्षातच शेंगदाणा दिल्याने ती ॲलर्जी सुमारे चार-पंचमांशाने कमी झाली, तेव्हापासून तो सल्ला मागे पडला. ज्या बाळाला तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असेल, त्याच्या बाबतीत आधी डॉक्टरांना विचारावे.

लोहासाठी अंडे, चालत असेल त्या घरी शिजवून बारीक केलेले मांस किंवा काळीज, नाहीतर पालेभाजी आणि वर लिंबाचे चार थेंब. लिंबातल्या क जीवनसत्त्वाने वनस्पतींतले लोह अधिक शोषले जाते. चहा याच्या अगदी उलट वागतो. त्यातले टॅनिन लोहाला बांधून टाकते. चहा-बिस्कीट हा बाळाचा खाऊ कोणी ठरवला कोण जाणे, पण तो गावोगाव पोचला आहे. वर्षाच्या आत मीठ-साखर नको, आणि गुटीतला मधही नको. मधात बोट्युलिझमचे बीजाणू असू शकतात आणि बाळाचे आतडे त्यांना रोखू शकत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसा आहार, म्हणजे पुरेशा वेळा आणि पुरेशा प्रकारचे अन्न, मिळणारी मुले देशात सुमारे ११ टक्के निघाली. महाराष्ट्रात ९ टक्के. गरिबी हे त्याचे एक कारण खरेच. पण नऊ टक्के हा आकडा फक्त गरिबांच्या घरचा असू शकत नाही.

कोण भरवते

'पुरेशा वेळा' हे शब्द सोयाबीनच्या काढणीच्या दिवसांत किंवा ऊसतोडीच्या फडात फार जड होतात. सात महिन्यांच्या बाळाला दोन-तीन वेळा, नऊ महिन्यांनंतर तीन-चार वेळा आणि मध्ये एखादा खाऊ. आई सकाळी सातला शेतात जाते. मग भरवते कोण? आजी, नाहीतर सहावी-सातवीतली बहीण. म्हणजे या लेखातली निम्मी माहिती ज्यांना हवी, त्या तुमच्या वर्गात बसलेल्या आहेत. सकाळी केलेली पेज दुपारपर्यंत झाकून ठेवण्याऐवजी मूग-ज्वारीचे भाजलेले पीठ आणि मोडाच्या पिठाची डबी तयार असेल, तर त्या मुलीला दहा मिनिटांत ताजी पेज करता येते.

ताजेपणाचा आग्रह यासाठी, की जुलाबांचा जोर सहा महिने ते वर्षभर या वयातच सर्वांत जास्त असतो. उन्हाळ्यात चार तास राहिलेली पेज म्हणजे जंतूंची शेतीच. हात साबणाने धुवा असे सांगणे सोपे आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा गावात हात धुण्याचे पाणी कुठून काढायचे, हे सांगणाऱ्यालाही कळले पाहिजे. पाणी मोजकेच असेल तर क्रम असा लावावा: आधी भरवणाऱ्याचे हात, मग वाटी-चमचा. बाटली तर घरात असूच नये, ती पाणी असतानाही नीट धुतली जात नाही.

ही मोडाची युक्ती लागते फार तर चार-पाच महिने. आठव्या महिन्यात बाळाला बोटांत धरून खाण्यासारखे मऊ काही, उकडलेल्या बटाट्याची फोड किंवा पिकलेले केळे, द्यायला लागावे. दात नसले तरी हिरड्यांनी ते चावते. नवव्या-दहाव्या महिन्यापर्यंत सगळे घोटूनच दिले तर पुढे चावायला शिकवणे जड जाते. दहाव्या महिन्यात ज्वारीच्या मऊ शिजवलेल्या कण्या, आणि वर्षाच्या आसपास घट्ट वरणात कुस्करलेली भाकरी. तोवर मोडाच्या पिठाची डबी बहुतेक रिकामी झालेली असते.